थंडीत रात्री कुत्रा धापा का टाकतो? वाघ्यासाठी सल्ला हवाय

द्राक्षबाग
नमस्कार मंडळी. आमचा वाघ्या, लॅब्राडॉर आहे पण पूर्ण प्युअर नाही, गावठीचं थोडं मिश्रण आहे, वय ११ पूर्ण, वजन मागच्या महिन्यात खताच्या गोण्यांच्या काट्यावर केलं तर ३९ किलो भरलं. आम्ही निफाड तालुक्यात राहतो, डिसेंबर-जानेवारीत इकडची थंडी काय असते ते सगळ्यांना माहितीये, या आठवड्यात पारा ६-७ च्या आसपास आहे. आणि एवढ्या थंडीत हा रात्री एक-दीडला उठतो, गोधडी सोडून ओसरीतल्या उघड्या शहाबादी फरशीवर जातो, पोट टेकून पसरतो आणि जीभ बाहेर काढून धापा टाकत बसतो, दोन-दोन तास, मे महिन्यात भर दुपारी टाकतो तशा. हात लावून बघितलं तर कान गार, पंजे गार. आठवडा झाला हे चालू आहे.

आई म्हणते वय झालं आता त्याचं. वडील म्हणतात शेकोटीचा धूर लागला असेल, कारण पहाटे मणी तडकू नयेत म्हणून आम्ही बागेत शेकोट्या पेटवतो, पण धापा तर त्याच्या कितीतरी आधी सुरू होतात. खोकला नाही, उलटी नाही, जेवण व्यवस्थित. आमचे नेहमीचे डॉक्टर बाहेरगावी आहेत, तीन दिवसांनी येतो म्हणाले. तीन दिवस थांबण्यासारखं आहे का तेवढं कोणीतरी सांगा. बायको दोन रात्री त्याच्याजवळ बसून आहे.

पोमूची_आई
दादा, मी पुण्यात असते, डॉक्टर नाही, पण आमच्या पोमेरेनियनच्या वेळी शिकलेली एक गोष्ट सांगते, ती आज रात्रीच करा. तो गाढ झोपलेला असताना त्याचे श्वास मोजा. बरगड्या वर आल्या आणि खाली गेल्या की एक. मोबाईलवर ३० सेकंद लावा, आकडा दुप्पट करा. धापा चालू असताना मोजायचं नाही, त्याचा काही उपयोग नाही, आणि पाय हलवत स्वप्नात धावत असेल तेव्हाही नाही कारण तेव्हा श्वास तसाही जोरात चालतो. गाढ झोपेत मिनिटाला ३० च्या आत हवा. आमच्या पोमूचा ५२ आला होता. त्याला नुसती बारीक ठसक्यासारखी खोकली होती रात्रीची, आम्हाला वाटलं थंडी बाधली, आम्ही त्याला स्वेटर घालत होतो, हळद घालून कोमट पाणी पाजत होतो आणि इकडे त्याच्या फुफ्फुसात पाणी साठत होतं. हृदयाची झडप नीट मिटत नव्हती, लहान जातींमध्ये म्हातारपणी हे खूप कॉमन आहे असं नंतर कळलं. एक्स-रे काढला, पाणी उतरवायचं औषध चालू केलं आणि हृदयाची गोळी. त्यानंतर तो १४ महिने आमच्याबरोबर राहिला. मी रोज रात्री आकडा लिहायचे, ती वही अजून ठेवलीये.

रानवारा
धापांचा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात गेल्यावर हे प्राणी एकदम शहाण्यासारखे शांत बसतात, डॉक्टरांना काहीच दिसत नाही.

थंड_गावचा_पाहुणा
मी कॅनडात असतो, बाहेर उणे २० आणि आमची हस्की घरात धापा टाकायची. कारण साधं होतं, तिचं अंथरूण हीटिंगच्या झडपेला लागून होतं आणि वर बायकोने प्रेमाने लोकरी ब्लँकेट टाकलं होतं. अंथरूण दाराजवळ सरकवलं, दुसऱ्या रात्रीपासून बंद. तुमच्याकडे हीटर, शेगडी असलं काही आहे का तो झोपतो तिथे?

द्राक्षबाग
हीटर नाही, गोधडी आहे पण तो पांघरत नाही, अंगाखाली असते फक्त. पोमूची आई, तुमचं वाचून छातीत धस्स झालं. आज मोजतो.

मळ्यातली_वाट
वाघ्या उठताना कसा उठतो ते बघा. मागचे पाय घसरतात का, उठून दोन-चार पावलं ताठ चालून मग मोकळा होतो का. आमच्या जर्मन शेफर्डची कंबर थंडीत धरायची आणि तो दुखण्याने धापा टाकायचा हे आम्हाला दोन हिवाळे कळलंच नाही, कारण तो विव्हळायचा नाही, लंगडायचा नाही, नुसता जागा बदलत राहायचा, इकडे बसला तिकडे बसला. कुत्रं दुखतंय म्हणून सांगत नाही हो, शेवटपर्यंत सांगत नाही. आम्ही त्याला पेनकिलर दिली, माणसाची अर्धी, त्याने तो रात्रभर झोपला. तुम्ही पण तीन दिवस तेवढं करून बघा.

गुरांचा_डॉक्टर
कृपया देऊ नका. मी पशुवैद्य आहे, मराठवाड्यात नोकरी करतो, गुरं जास्त आणि कुत्री कमी बघतो पण हे मी स्वतः दोनदा निस्तरलंय. माणसाच्या दुखण्याच्या गोळ्यांमधलं आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या पोटात व्रण करतं, काळी शी होते, आतून रक्त जातं, किडनी बसते. पॅरासिटामॉलसुद्धा अंदाजाने द्यायचं नसतं, आणि मांजराला तर त्याचा कणही नाही. कुत्र्यांसाठी दुखण्याची वेगळी औषधं आहेत, ती वजन करून आणि रक्त तपासून देतात. मळ्यातली वाट, तुमचा हेतू चांगलाच आहे, तुमच्या कुत्र्याला निभावलं याचा आनंद आहे, पण दुसऱ्याला निभावेल असं नाही.

आता मूळ प्रश्न. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडासा पंजांच्या गादीला येतो तेवढाच. त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर टाकायची तर जीभ, तोंड आणि नाकातला ओलावा वाऱ्याने सुकवायचा, धाप म्हणजे तेच, मिनिटाला २००-३०० उथळ श्वास. हे गरम होत असताना बरोबर आहे. पण हवा थंड, घर थंड, पळापळ केलेली नाही आणि तरी धाप लागतीये, म्हणजे कारण बाहेर नाही, आत आहे. ताप, दुखणं, भीती, हृदय, फुफ्फुस, रक्त कमी होणं, हॉर्मोन, नाहीतर चालू असलेलं एखादं औषध. रात्रीच का, तर दिवसा तो हिंडतो फिरतो, आपलंही लक्ष नसतं, रात्री सगळं शांत झालं की आपल्याला ऐकू येतं, आणि दुखणारं अंग पडून राहिल्यावर जास्त ताठतं.

म्हणून द्राक्षबाग, या गोष्टी सांगा. पाणी किती पितो, आधीपेक्षा जास्त? लघवीला रात्री उठतो का, घरात होते का? पोट सुटल्यासारखं दिसतंय का? भुंकण्याचा आवाज बदललाय का? ओठ वर करून हिरडी बघा, गुलाबी आहे का पांढरट, बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदात रंग परत यायला हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गेल्या तीन महिन्यांत त्याला कुठलंही औषध दिलंय का, अगदी कुठलंही.

चांदणी_चौक
हिरडीचं अगदी बरोबर. मी गल्लीतली कुत्री सांभाळते, मागच्या वर्षी आमची तांबी अशीच बसल्या जागी धापा टाकत होती, लोक म्हणाले लग्नाच्या वरातीत फटाके वाजले त्याला घाबरली असेल, आणि खरंच त्या दिवशी वरात होती त्यामुळे मलाही पटलं. तिसऱ्या दिवशी ओठ उचलून बघितला तर हिरडी वहीच्या कागदासारखी. गोचीड ताप निघाला, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ४. कुत्र्याचं १२ च्या वर असायला हवं. रक्तच नाही म्हटल्यावर प्राणवायू नेणार कोण, म्हणून ती जोरजोरात श्वास घेत होती. वाचली ती, पण दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवावं लागलं. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली गोचिड्या बघा. थंडीत गोचीड नसते हे खरं नाही, गोठ्याच्या भिंतीच्या भेगेत असते ती बाराही महिने.

द्राक्षबाग
रात्री मोजलं. दोन वेळा मोजलं, २८ आणि २६. मग सव्वा एकला उठला आणि धापा सुरू, व्हिडिओ काढलाय.

डॉक्टरसाहेब, हिरडी गुलाबी आहे, दाबली तर लगेच रंग येतो. गोचिड्या सापडल्या नाहीत. आवाज तोच आहे. पण तुमचे बाकीचे प्रश्न वाचून मी आणि बायको एकमेकांकडे बघत बसलो. पाणी खूप पितो. आधी मोठं पातेलं एकदा भरायचो, आता तीनदा भरतो. दिवाळीनंतर ओसरीत दोन-तीनदा लघवी झाली, आई चिडली आणि तेव्हापासून ती रात्री पातेलं उचलून ठेवते. भूक तर एवढी लागते की बैलांच्या पेंडीत तोंड घालतो, आम्हाला वाटलं थंडीची भूक. पोट खाली आलंय, आम्हाला वाटलं खाऊन जाड झालाय.

औषध म्हणाल तर, दसऱ्याच्या सुमारास त्याला खूप खाज सुटली होती, शेपटीच्या मुळाशी चावून चावून केस काढले. दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं तेव्हा गोळ्या दिल्या होत्या आणि दोन दिवसात गुण आला होता, ती चिठ्ठी घरात होती, तीच दाखवून मेडिकलमधून आणल्या. पाकिटावर प्रेडनिसोलोन २० मिलीग्रॅम लिहिलंय. रोज एक. थांबवली की खाज परत येते म्हणून चालूच ठेवली. अडीच महिने झाले.

गुरांचा_डॉक्टर
सापडलं बहुतेक. नक्की तपासूनच म्हणता येईल, पण प्रेडनिसोलोन म्हणजे स्टिरॉइड, आणि तहान, लघवी, भूक, सुटलेलं पोट आणि धापा हे पाचही त्याचे ओळखीचे परिणाम आहेत. स्टिरॉइडने यकृत फुगतं, पोटात चरबी साठते, ते वर छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला रेटतं, आणि त्याच वेळी श्वासाचे स्नायू दुबळे होतात. मग पडून राहिल्यावर त्याला छाती भरल्यासारखं होत असणार. त्यात अंगात उष्णता वाटते म्हणून गार फरशी शोधतो.

दोन गोष्टी लगेच. एक, आईंना सांगा पाणी उचलायचं नाही. तो जास्त पितो म्हणून जास्त मुतत नाहीये, औषधामुळे जास्त मुततोय म्हणून त्याला प्यावं लागतंय. पाणी तोडलं तर अंग कोरडं पडेल.

दोन, आणि हे नीट वाचा, घाबरून गोळी एकदम बंद करू नका. बाहेरून एवढे दिवस स्टिरॉइड मिळाल्यावर शरीरातली ते बनवणारी ग्रंथी, मूत्रपिंडाच्या वर असते ती, काम करायचं सोडून देते. गोळी एका दिवसात तोडली तर आतलं पण नाही आणि बाहेरचं पण नाही अशी अवस्था होते, उलट्या, गळाठा, कधी कोसळतो. हळूहळू उतरवावी लागते. किती आणि कशी ते त्याला हात लावून बघणारा डॉक्टर ठरवेल, मी इथे आकडे लिहिणार नाही. आणि दुखण्याची गोळी याच्याबरोबर चुकूनही नको, कुत्र्याची असली तरी नको, दोन्ही मिळून पोटाला भोक पाडू शकतात.

झोपेतला श्वास ३० च्या आत आहे, हिरडी चांगली आहे, म्हणजे आज रात्री पळायची गरज नाही. पण तीन दिवस थांबू नका, उद्या नाशिकला घेऊन जा.

मळ्यातली_वाट
डॉक्टर, मी माझ्या पोस्टमधलं गोळीचं वाक्य मागे घेते. वाघ्याला दिली असती तर काय झालं असतं या विचारानेच हात गार पडले. द्राक्षबाग, तुम्ही दिली नाहीत ना?

द्राक्षबाग
नाही ताई, दिली नव्हती. हातात काढून ठेवली होती, खरं सांगतो. डॉक्टरांचा रिप्लाय आला आणि परत पाकिटात ठेवली.

सातपुडा
औषध चालू नसताना हीच लक्षणं असली तरी दुर्लक्ष करू नका, हे बाकी वाचणाऱ्यांसाठी लिहितो. आमच्या डॅशहुंडला कुशिंग निघालं, शरीर स्वतःच जास्त स्टिरॉइड बनवतं, बहुतेक कुत्र्यांत मेंदूखालच्या ग्रंथीत एक बारीक गाठ असते तिच्यामुळे. तहान, भूक, धापा, पोट लोंबणं, आणि पाठीवरचे केस दोन्ही बाजूंनी सारखे विरळ होत जातात. आम्ही वर्षभर वय झालं म्हणत राहिलो, नऊ वर्षांचा तर होता. रक्ताची चाचणी करावी लागते, एक इंजेक्शन देऊन आधी आणि नंतर रक्त घेतात. औषध महाग आहे आणि कायमचं आहे, पण तो रात्रभर झोपायला लागला हे सगळ्यात मोठं.

नागपूरकर_संत्री
मी पण एक सांगून ठेवतो कारण हा धागा कोणी रात्री दोन वाजता शोधून वाचेल. वाघ्यासारखं असेल तर सकाळपर्यंत थांबू शकतं, हे थांबू शकत नाही. आमचा ग्रेट डेन, रात्री जेवला, साडेअकराला धापा सुरू, अस्वस्थ, उलटी काढायला बघतोय पण काही पडत नाही, नुसता फेस, आणि परत परत पोटाकडे मान वळवून बघतोय. पोटावर टिचकी मारली तर ढोलकीसारखा आवाज. आम्ही वाट बघितली, गॅस असेल म्हणून ओवा दिला. जठर वायूने फुगून पीळ पडला होता. ऑपरेशनच्या टेबलावर गेला तो. मोठ्या छातीच्या कुत्र्यांना होतं हे, डेन, शेफर्ड, डॉबरमन. सुकी उलटी, फुगलेलं पोट आणि धापा एकत्र दिसल्या तर गाडी काढा, मिनिटं मोजायची वेळ असते ती. पाच वर्षं झाली, अजून ओवा बघितला की आठवतं.

पोमूची_आई
नागपूरकर, काय लिहू कळत नाहीये. तुमच्या डेनसाठी वाईट वाटलं खूप.

सायंतारा
आमची लॅब्राडॉर १३ वर्षांची, रात्री धापा, घरभर फेऱ्या, कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, दिवसा नुसती झोपून. सगळ्या टेस्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले म्हाताऱ्या माणसांना विसर पडतो, संध्याकाळ झाली की गोंधळतात, तसं कुत्र्यांनाही होतं. आम्ही पॅसेजमध्ये झिरोचा दिवा चालू ठेवायला लागलो, फर्निचर हलवणं बंद केलं, दुपारी तिला जबरदस्तीने झोपेतून उठवून फिरवायचो म्हणजे रात्री झोपेल. पूर्ण थांबलं नाही पण माझी आई तिच्या पाठीवर हात ठेवून झोपायची तेव्हा ती शांत असायची.

रानवारा
डॉक्टरांनी भुंकण्याच्या आवाजाचं का विचारलं ते मला माहितीये म्हणून लिहितो, आमच्या लॅबचं हेच निघालं होतं. म्हाताऱ्या लॅबमध्ये घशातली स्वरयंत्राची झडप लुळी पडते, श्वास घेताना उघडत नाही, मग भुंकणं घोगरं होतं आणि श्वास आत घेताना करवतीसारखा आवाज येतो. त्यात ऊन आणि धावपळ फार वाईट. पट्टा गळ्याला न लावता छातीला लावायचा.

द्राक्षबाग
नाशिकहून आलो. सविस्तर लिहितो, उशीर झाला, बागेत पाणी सोडायची पाळी होती.

डॉक्टरीण बाईंनी आधी व्हिडिओ बघितला, मग गोळीचं पाकीट. छाती दोन्ही बाजूंनी बराच वेळ ऐकली, हृदयाचा आवाज चांगला आहे म्हणाल्या. ताप १०१.८ फॅरनहाइट, तो कुत्र्याला नॉर्मल असतो. एक्स-रेमध्ये फुफ्फुस स्वच्छ, यकृत मोठं दिसतंय. रक्तात यकृताचा एक आकडा खूप वाढलाय, स्टिरॉइडने असा वाढतो म्हणाल्या, साखर आणि किडनी ठीक. आणि मळ्यातली वाट, तुमचंही खरं निघालं, दोन्ही मागच्या खुब्यांचे सांधे झिजलेत. फिल्म उजेडात धरून दाखवलं मला, गोळा वाटीत बसायला हवा तर वाटीची कडाच राहिलेली नाही. स्टिरॉइडने सूज दबून ते दुखणं झाकलं गेलं असेल, आणि वजन वाढून सांध्यांवर भार पण वाढला.

गोळी कमी करत आणायचं तीन आठवड्यांचं वेळापत्रक लिहून दिलंय, ते भिंतीवर कॅलेंडरशेजारी चिकटवलंय. ती पूर्ण सुटल्यावर मध्ये काही दिवस मोकळे सोडून मग सांध्यांची गोळी. वजन ३२ वर आणायचंय. भाकरी अर्धी, त्याऐवजी भोपळा आणि उकडलेलं अंडं.

आणि खाजेचं मूळ. बाईंनी दातेरी फणी घेऊन शेपटीच्या मुळाशी केस विंचरले, पांढऱ्या कागदावर झटकले, काळी मिऱ्याच्या पुडीसारखी घाण पडली, तिच्यावर ओला कापूस ठेवला तर तांबडा डाग. पिसवांची शी, म्हणजे वाघ्याचंच रक्त. अडीच महिने आम्ही पिसवांसाठी स्टिरॉइड देत होतो. महिन्याला एक चावायची गोळी दिलीये आणि गोठ्यातला तो बसतो तो कोपरा, पोती, गोधडी सगळं गरम पाण्याने धुवायला सांगितलंय.

चिठ्ठी मीच जपून ठेवली होती, त्याला बरं वाटावं म्हणून. ते डोक्यातून जात नाहीये.

चांदणी_चौक
जपून ठेवलीत म्हणजे काळजीच होती ना दादा. आणि पाकिटावरचं नाव बघून इथे लिहिलंत म्हणूनच कळलं. गोधडी धुताना उन्हात दोन दिवस कडक वाळवा.

गुरांचा_डॉक्टर
बाईंनी छान तपासलंय. खाली उतरवताना मधे तो मलूल झाला, जेवण सोडलं किंवा उलटी झाली तर वेळापत्रकाला चिकटून राहू नका, लगेच फोन करा. आणि खाली अंथरायला गादी जाड द्या, चार बोटं तरी, पण गार फरशीही मोकळी ठेवा, त्याला जिथे बरं वाटेल तिथे तो जाईल. घसरू नये म्हणून ओसरीत पोत्याची पट्टी टाका.

द्राक्षबाग
आज बारावा दिवस. सांगायला उशीर केला, छाटलेल्या काड्या उचलायचं काम होतं. धापा पूर्ण गेल्या नाहीत, पण दोन तासांच्या जागी पंधरा-वीस मिनिटं, आणि मागच्या चार रात्रींत एकदाच. पाणी एका पातेल्यावर आलंय. आई आता झोपायच्या आधी स्वतः पातेलं भरून ठेवते. खाज नाही. वजन ३८.

वही केलीये पोमूची आई, तुमचं बघून. मुलगी मोजते, सहावीत आहे, त्याच्या पोटाजवळ जमिनीवर आडवी होते आणि बोटावर मोजते, मोबाईल लागत नाही म्हणते. काल तिने २२ लिहिलेत.

पोमूची_आई
बावीस! कुरवाळा त्याला माझ्याकडून.

मळ्यातली_वाट
सांध्यांची गोळी सुरू झाली की इथे लिहा, आमच्या शेफर्डला आता नीट डॉक्टरकडे नेलंय, त्याचंही रक्त तपासायला दिलंय.